एथिकल फंडात परतावा खरंच कमी पडतो का? घरबसल्या ताळा करून बघा

दारू-गुटख्याच्या धंद्यात आपला पैसा नको, असं नाथषष्ठीला पैठणला जाणारा माणूस म्हणतो. व्याजाचा नको, असं परभणी-नांदेडच्या पेठेतला मुस्लिम व्यापारी म्हणतो. जालना-लातूरकडचा जैन आडत्या मांस-कातड्याचं नाव काढलं की हात आखडता घेतो. तिघांनाही म्युच्युअल फंडाच्या एजंटाचं उत्तर ठरलेलं असतं: "मग परताव्याचं विसरा." उलट फंड कंपनीच्या रंगीत पत्रकात लिहिलेलं असतं की सचोटीच्या कंपन्याच लांबच्या पल्ल्यात जास्त देतात. ही दोन्ही विधानं तपासता येतात. त्यासाठी कॉम्प्युटर, एक्सेल आणि एखाद्या रविवारचे तीन तास पुरतात. गणित आठवी-नववीचंच आहे. बहुतेकांचा हिशेब बिघडतो तो तुलनेची जोडी चुकीची लावल्यामुळे, म्हणून या लेखात जास्त जागा जोडीला दिली आहे.

आधी तुमची नीती कोणती, ते ठरवा

'एथिकल' या एका पाटीखाली आपल्याकडे दोन वेगळी घराणी आहेत, आणि परताव्याच्या दृष्टीने त्यांचं एकमेकांशी फारसं नातं नाही.

पहिलं घराणं शरियत पाळणाऱ्या फंडांचं. टाटा एथिकल फंड, टॉरस एथिकल फंड आणि बाजारात शेअरसारखा विकत मिळणारा निप्पॉन इंडियाचा निफ्टी ५० शरिया बीज हा ईटीएफ त्यात येतात. यांत बँका, विमा कंपन्या आणि फायनान्स कंपन्या नसतात. दारू, तंबाखू, जुगार, डुकराचं मांस यांचे धंदे नसतात. ज्या कंपनीवर व्याजाचं कर्ज मर्यादेबाहेर आहे, ती धंदा कितीही चोख असला तरी गाळली जाते. मात्र मांसाला शरियतची सरसकट हरकत नाही. जैन गुंतवणूकदाराने 'एथिकल' नाव वाचून डोळे मिटून पैसे टाकू नयेत, यादी वाचूनच टाकावेत.

दुसरं घराणं ईएसजीचं, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन कसोट्यांवर कंपन्या निवडणारे फंड. यांत बँका चालतात, नुसत्या चालत नाहीत तर बऱ्याच फंडांत सगळ्यांत वरच्या ओळीला बँकाच असतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२३ मध्ये ईएसजीच्या सहा रीती ठरवून दिल्या आणि कोणती रीत वापरता ते फंडाच्या नावातच लिहायला लावलं. म्हणून आता 'एक्स्क्लूजनरी', 'इंटिग्रेशन', 'बेस्ट इन क्लास' असे शब्द नावात दिसतात. ते शोभेसाठी नाहीत. 'एक्स्क्लूजनरी' म्हणजे काही धंदे सरळ वगळलेले. 'बेस्ट इन क्लास' म्हणजे प्रत्येक क्षेत्रातली त्यातल्या त्यात बरी कंपनी, त्यामुळे तिथे सिमेंट, पोलाद, तेल सगळं सापडू शकतं. दारू-तंबाखू नको एवढीच तुमची अट असेल तर पहिला प्रकार बघा आणि योजनेच्या माहितीपत्रकात वगळलेल्या धंद्यांची यादी शोधा, कारण ती फंडागणिक बदलते. अशा फंडाला किमान ८० टक्के पैसा त्याच रीतीने गुंतवावा लागतो. शरियत फंडांना हा नियम लागू नाही, त्यांची गाळणी वेगळी आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याचा मुद्दा मुद्दाम सांगावा लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत तोडायला सांगितलं. पाणी तुटलं की कारखाना अडखळतो आणि त्याची झळ नफ्याला बसते. मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावाच लागतो, त्यात कंपनी किती पाणी उपसते ते लिहिलेलं असतं. हौस असेल तर आपल्या फंडातल्या पहिल्या पाच कंपन्यांचं ते एक पान वाचा.

तुलनेची जोडी लावताना

इथेच सगळ्यांत जास्त घोळ होतो. एथिकल फंडाशेजारी शेजाऱ्याचा स्मॉल कॅप (छोट्या कंपन्यांचा) फंड ठेवून "बघा, निम्मासुद्धा परतावा नाही" असं म्हणणं म्हणजे लाल कंधारीच्या बैलाची शर्यत घोड्याशी लावणं. त्यात नीतीचा काही संबंध नाही, फरक कंपन्यांच्या आकाराचा आहे.

तीन आकडे हवेत, दोन नव्हे: साधा निर्देशांक (ठरावीक कंपन्यांच्या शेअरची एकत्रित चाल दाखवणारा आकडा), त्याच निर्देशांकाची नैतिक आवृत्ती, आणि तुमचा फंड.

शरियत फंडासाठी निफ्टी ५००, निफ्टी ५०० शरिया, आणि टाटा एथिकल. टॉरसचा मापदंड (फंड स्वतःची तुलना ज्याच्याशी करतो तो निर्देशांक) बीएसई ५०० शरिया आहे, म्हणून त्याच्यासाठी बीएसईची जोडी घ्या. ईएसजीसाठी निफ्टी १००, निफ्टी १०० ईएसजी, आणि तुमचा ईएसजी फंड. पहिल्या दोन आकड्यांतला फरक ही नीतीची किंमत, किंवा नीतीचा फायदा. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक ही फंड मॅनेजरची करामत, खर्च वजा जाता. हे दोन फरक एकत्र मिसळले की मॅनेजरचं पाप नीतीच्या माथी जातं.

काही ईएसजी फंड मापदंड म्हणून निफ्टी १०० ईएसजी लावतात, पण पैसा मिड कॅपमध्येही (मध्यम आकाराच्या कंपन्यांत) टाकतात. फॅक्टशीटमध्ये (फंडाच्या मासिक माहितीपत्रात) लार्ज, मिड, स्मॉल यांचे टक्के दिलेले असतात. मिड आणि स्मॉल मिळून २५-३० टक्क्यांच्या वर असतील तर साधा निर्देशांक म्हणून निफ्टी ५०० घ्या, नाहीतर मॅनेजर उगाच हुशार वाटेल.

आकडे कुठून काढायचे

फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. योजनेचं नाव टाकल्यावर चार-सहा सारखी नावं येतात. त्यातलं 'डायरेक्ट' (एजंटाशिवाय घ्यायची योजना) आणि 'ग्रोथ' (नफा वाटून न देता आतच ठेवणारी) हे दोन्ही शब्द असलेलंच घ्या आणि त्याचा योजना क्रमांक वहीत लिहून ठेवा. लाभांश देणारा पर्याय (आता त्याला आयडीसीडब्ल्यू म्हणतात) चुकून घेतलात तर पैसे वाटले त्या दिवशी एनएव्ही खाली येते आणि तुम्हाला तोटा झाल्यासारखं दिसतं.

निर्देशांकाचे जुने आकडे निफ्टीच्या निर्देशांक संकेतस्थळावर मिळतात. तिथे दोन प्रकार दिसतील, नुसता भाव आणि टीआरआय. टीआरआय घ्या, त्यात कंपन्यांनी दिलेला लाभांश परत गुंतवलेला धरतात. फंडाच्या एनएव्हीत लाभांश आपोआप मुरलेला असतो, म्हणून समोरच्या बाजूलाही तो हवा. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली आहे. तरीही टीव्हीवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे निफ्टीचे आकडे नुसत्या भावाचे असतात. त्यांच्याशी तुलना केली की कुठलाही फंड वर्षाला एक-सव्वा टक्क्याने फुकटचा पुढे दिसतो. मोठा कालावधी एकदम उतरत नसेल तर वर्षावर्षाचे तुकडे करून एक्सेलमध्ये एकाखाली एक जोडा.

रोजचे आकडे लागत नाहीत. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवसाचा एक आकडा पुरतो. तिन्ही रकान्यांत तारीख तीच हवी. एकीकडे २८ आणि दुसरीकडे ३१ असं झालं तर बाजार उसळलेल्या महिन्यात अख्खा निष्कर्ष फिरतो.

मुख्य हिशेब

एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात साधा टीआरआय, तिसऱ्यात नैतिक टीआरआय, चौथ्यात फंडाची डायरेक्ट एनएव्ही. तुमचे पैसे रेग्युलरमध्ये (एजंटामार्फत घेतलेल्या योजनेत) असतील तर पाचव्यात रेग्युलरची एनएव्ही.

वार्षिक वाढीचा दर काढण्यासाठी शेवटच्या आकड्याला पहिल्याने भागा, जितकी वर्षं तितकावं मूळ काढा, त्यातून एक वजा करा. एनएव्ही २० वरून ४ वर्षांत ३४ झाली तर भागाकार १.७, त्याचं चौथं मूळ १.१४२, म्हणजे वर्षाला साधारण १४.२ टक्के. ७० टक्क्यांना ४ ने भागून १७.५ म्हणू नका. ही चूक एजंट लोक सोयीने करतात.

पण एकाच सुरुवात-शेवटाच्या दरावर विसंबू नका. मार्च २०२० च्या तळापासून मोजलं तर सगळेच फंड सोनं वाटतात. म्हणून रोलिंग परतावा काढायचा. समजा पहिल्या ओळीत मथळे आहेत आणि आकडे दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. तर ३८ व्या ओळीतल्या आकड्याला दुसऱ्या ओळीतल्या आकड्याने भागा, घनमूळ काढा, एक वजा करा. हा झाला पहिल्या ३ वर्षांचा दर. सूत्र खाली ओढत न्या म्हणजे ३९ ला ३ ने, ४० ला ४ ने, असं आपोआप होतं. ७ वर्षांचे महिनाअखेरचे आकडे असतील तर ८५ ओळी होतात आणि ३ वर्षांचे ४९ दर मिळतात.

आता त्या ४९ मध्ये नैतिक आवृत्ती किती वेळा पुढे होती ते मोजा. सरासरी फरक काढा. आणि सगळ्यांत वाईट ३ वर्षांत फरक किती होता तोही बघा, कारण धीर सुटतो तो त्याच काळात. एक सावधगिरी ठेवा. हे ४९ दर एकमेकांवर चढलेले आहेत, शेजारच्या दोन दरांत ३५ महिने सामायिक असतात. खरे सुटे ३ वर्षांचे काळ ७ वर्षांत दोनच बसतात. म्हणून "४९ पैकी ३५ वेळा जिंकला" हे ऐकायला जेवढं भारी वाटतं तेवढं ते नसतं.

एसआयपी (दरमहा ठरावीक हप्ता) असेल तर स्वतःच्या खात्याचा दर एक्सेलच्या एक्सआयआरआर या सूत्राने काढा: एका रकान्यात हप्त्यांच्या तारखा, दुसऱ्यात हप्ते उणे चिन्हाने, शेवटी आजची किंमत अधिक चिन्हाने. उणे चिन्ह विसरलं की एक्सेल चूक दाखवतं, तिथे बरेच जण सोडून देतात.

फरक कुणाच्या खात्यावर लिहायचा

समजा अंबाजोगाईच्या एका मास्तरांनी ७ वर्षांचा हिशेब केला आणि वार्षिक दर असे आले (आकडे समजावण्यापुरते आहेत): साधा निर्देशांक १३.०, शरिया निर्देशांक १२.२, फंडाची डायरेक्ट योजना १२.६, आणि मास्तरांची रेग्युलर योजना ११.५.

मास्तर म्हणतील, धर्मापायी दीड टक्का गेला. फोड करून बघा. नीतीपायी गेला ०.८. मॅनेजरने त्यातला ०.४ परत कमावला. आणि १.१ गेला रेग्युलर योजनेतल्या कमिशनपायी. सगळ्यांत मोठं भोक तिथे आहे, आणि ते साध्या फंडातही तसंच पडलं असतं. तुमची योजना कोणती ते कळत नसेल तर फंडांची खाती सांभाळणाऱ्या कॅम्स-केफिनटेकचा एकत्रित खातेउतारा ईमेलवर मागवा, फुकट येतो. योजनेच्या नावात 'रेग्युलर' आणि जवळपास एआरएनने सुरू होणारा क्रमांक (एजंटाचा नोंदणी क्रमांक) दिसला की समजा दलाली चालू आहे. एजंट दर वर्षी बसून हिशेब दाखवत असेल, पडत्या बाजारात धीर देत असेल तर ती दलाली वसूल होते. नुसता फॉर्म भरून गेलेला असेल तर नाही होत.

एक टक्का म्हणजे किती? महिना ५००० रुपये १५ वर्षं, म्हणजे एकूण ९ लाख भरले. १२ टक्क्यांनी सुमारे २५ लाख २३ हजार होतात, ११ टक्क्यांनी सुमारे २२ लाख ९४ हजार. फरक २ लाख २९ हजारांचा.

इथे एक उलटी चूकही होते. काहीजण एनएव्हीवरून दर काढतात आणि त्यातून पुन्हा एक्स्पेन्स रेशो (फंडाच्या वार्षिक खर्चाचा टक्का) वजा करतात. एनएव्ही खर्च कापूनच जाहीर होते, पुन्हा कापायची गरज नाही. निर्देशांकात मात्र कसलाच खर्च नसतो. म्हणून डायरेक्ट योजना निर्देशांकाच्या पाव-अर्धा टक्का मागे असेल तर मॅनेजरला लगेच दोष देऊ नका.

आता नीतीचा तो ०.८ नेमका कुठून आला? शरियत फंडांच्या बाबतीत उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: बँका. निफ्टी ५० मध्ये गेली काही वर्षं वित्तीय कंपन्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. तेवढा भाग काढला की उरलेल्या पैशात आयटी, औषधं, वाहनं, घरगुती वस्तू यांचं वजन आपोआप वाढतं. हिशेब करून बघा. निर्देशांकात ३३ टक्के बँका, तुमच्या फंडात शून्य. एखाद्या वर्षी बँकांनी २० टक्के दिले आणि बाकीच्यांनी १०, तर निर्देशांक १३.३ आणि फंड १०. दुसऱ्या वर्षी बँकांनी शून्य दिलं आणि बाकीच्यांनी १५, तर निर्देशांक साधारण १० आणि फंड १५. मॅनेजरने एकही शेअर हुशारीने निवडलेला नाही, तरी एकदा तो गाढव ठरला, एकदा पंडित.

खऱ्या बाजारात अगदी हेच घडलं. २०२० मध्ये निफ्टी आयटी निर्देशांक ५० टक्क्यांहून जास्त वाढला, औषधं तशीच धावली, आणि बँक निफ्टी वर्षभरात थोडा खालीच राहिला. बँका नसलेले फंड त्या वर्षी मिरवले. २०२२ मध्ये चाक फिरलं: आयटी साधारण पाव भागाने कोसळला, बँक निफ्टी २० टक्क्यांच्या आसपास वाढला, आयटीसीचा शेअर वर्षभरात जवळपास दीडपट झाला. आयटीसी तंबाखूमुळे शरियत फंडांत बसत नाही आणि निफ्टी १०० ईएसजीतही नाही, तो निर्देशांक तंबाखू, दारू, जुगार आणि वादग्रस्त शस्त्रं वगळतो. मग जे कालपर्यंत "चांगुलपणाला फळ मिळतं" म्हणत होते, तेच "चांगुलपणा महाग पडतो" म्हणायला लागले. दोन्ही वेळी मोजला जात होता तो आयटी आणि बँकांचा झगडा.

तपासायचं असेल तर फॅक्टशीटमधले क्षेत्रांचे टक्के आणि निर्देशांकाचे टक्के शेजारी शेजारी लिहा. पाच टक्क्यांहून जास्त फरक असलेल्या क्षेत्रांवर खूण करा, आणि त्या क्षेत्रांनी त्या काळात किती दिलं ते बघा. बहुतेक वेळा ८-१० ओळींत सगळं उलगडतं.

ईएसजी फंडात अडचण उलटी असते, फरकच पडत नाही. फंडातल्या आणि एखाद्या साध्या लार्ज कॅप फंडातल्या कंपन्या समोरासमोर मांडा. प्रत्येक सामायिक कंपनीसाठी दोन टक्क्यांपैकी लहान आकडा घ्या आणि बेरीज करा. एखादी बँक इकडे ८ आणि तिकडे ६ असेल तर धरायचे ६. ही बेरीज ६०-६५ च्या वर गेली तर तुम्ही दोन वेगळे फंड घेतलेले नाहीत, एकच फंड दोन नावांनी घेतला आहे. आमच्या मते अशा ईएसजी फंडाला जास्त एक्स्पेन्स रेशो देण्यात काही अर्थ नाही.

जिथे पाय घसरतो

'स्थापनेपासून परतावा' हा फॅक्टशीटमधला रकाना या तुलनेत निरुपयोगी समजा. ॲक्सिसचा ईएसजी फंड फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला, म्हणजे कोरोनाची पडझड त्याच्या वाट्याला आली. आयसीआयसीआय प्रुडेन्शियलचा ऑक्टोबर २०२० मध्ये, पडझड होऊन गेल्यावर. दोघांचे स्थापनेपासूनचे दर शेजारी ठेवणं म्हणजे जूनमध्ये पेरलेलं आणि ऑगस्टमध्ये पेरलेलं सोयाबीन एकाच उताऱ्याने मोजणं.

त्याहून फसवं म्हणजे जुनी योजना नव्या नावाने. एसबीआयचा ईएसजी फंड १९९१ पासूनचा दिसतो, पण २०१८ पर्यंत ती साधी मॅग्नम इक्विटी योजना होती. त्याआधीचा परतावा ईएसजीचा नव्हेच. आपला हिशेब रूपांतर झालं त्या महिन्यापासून सुरू करा.

निर्देशांकातही हीच गोम आहे. निफ्टी १०० ईएसजीचे आकडे २०११ पासून मिळतात, पण निर्देशांक प्रत्यक्षात २०१८ मध्ये सुरू झाला. आधीची वर्षं मागे जाऊन मोजलेली आहेत. मागे जाऊन मोजताना नियम बनवणाऱ्याला निकाल माहीत असतो, त्यामुळे अशा आकड्यांचा रंग नेहमी थोडा उजळ असतो. २०१८ च्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग वेगळा मोजा.

बंद पडलेल्या किंवा दुसऱ्यात विलीन झालेल्या योजना आजच्या यादीत दिसत नाहीत. जे तगले त्यांचीच सरासरी काढली की आकडा फुगतो, साध्या फंडांचाही आणि एथिकलचाही.

शरियत फंडात व्याजी साधनं चालत नसल्यामुळे हातातली रोकड जवळजवळ काहीच कमवत नाही. फॅक्टशीटमध्ये रोकड ८-१० टक्के सतत दिसत असेल तर चढत्या बाजारात फंड तेवढ्यानेच मागे पडणार.

आणि ईएसजीचा शिक्का म्हणजे हमी नव्हे. सत्यम या आयटी कंपनीला उत्तम कारभारासाठी २००८ मध्ये पुरस्कार मिळाला होता. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षानेच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली.

पडझडीत काय झालं तेही बघा

नुसता परतावा मोजून अर्धंच चित्र दिसतं. १४ जानेवारी ते २३ मार्च २०२० या काळात निफ्टी ५० साधारण ३८ टक्के पडला. त्याच दोन तारखांना तुमच्या फंडाची एनएव्ही किती होती ते बघा. कमी कर्जाच्या कंपन्या आणि बँकांची गैरहजेरी यामुळे शरियत फंड कर्जाच्या संकटात कमी पडण्याची शक्यता असते. पण संकट आयटीतून आलं तर हेच फंड जास्त पडतात, २०२२ मध्ये तसं झालं. निवृत्त माणसाला ज्याच्या पैशावर महिन्याचा खर्च चालवायचा आहे, त्याने हा आकडा परताव्याच्या आधी बघावा.

परदेशातल्या अभ्यासांचा हवाला तुम्हाला दोन्ही बाजूंनी ऐकवला जाईल. २०१५ मध्ये दोन हजारांहून जास्त अभ्यास एकत्र करून एक निष्कर्ष निघाला: सुमारे ९० टक्के अभ्यासांत ईएसजी आणि कंपनीच्या आर्थिक कामगिरीचं नातं उणे नाही. "उणे नाही" यात "काहीच नातं नाही" हेही येतं, आणि फंडांच्या पातळीवर ते नातं कंपन्यांच्या पातळीपेक्षा बरंच फिकं होतं. उलट २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दारू, तंबाखू आणि जुगाराच्या शेअरनी दीर्घकाळ जास्त परतावा दिल्याचं दिसलं. कारण सरळ आहे: मोठ्या संस्था ते शेअर टाळतात, म्हणून ते स्वस्त मिळतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमच्या फंडाबद्दल मात्र त्यातून काही कळत नाही, त्यासाठी वरचा ४९ ओळींचा तक्ताच लागतो.

किती फरक सहन करायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमचा अंदाज विचाराल तर डायरेक्ट योजनेत, ७ वर्षांच्या रोलिंग हिशेबात, नीतीपायी वर्षाला अर्धा-पाऊण टक्का गेला तर तक्रार करू नये. दीड टक्क्याच्या वर गेला आणि कारण बँका नसून मॅनेजर निघाला, तर नीती न सोडता फंड बदलावा. शरियत पाळणाऱ्याला त्यासाठी ईटीएफही आहे. पण त्याची रोजची उलाढाल आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली दरी बघूनच घ्या; उलाढाल कमी असेल तर वाचवलेला खर्च तिथेच जातो.

बदलायचं ठरलं तर

साध्या फंडातून एथिकलमध्ये, किंवा रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये 'स्विच' करणं म्हणजे कायद्याने विकून पुन्हा घेणं. एका वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर, वर्षानंतर १२.५ टक्के, आणि वर्षानंतरचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त. २३ जुलै २०२४ पासून हे दर आहेत. एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात आणि विकताना जुने युनिट आधी जातात. एक्झिट लोड (लवकर विकल्यास फंड कापतो ती रक्कम) योजनेगणिक वेगळा असतो, माहितीपत्रकात बघा.

समजा वर्षावरच्या युनिटांवर नफा ३ लाख आहे आणि दुसरा कुठला भांडवली नफा नाही. एकदम विकलं तर १ लाख ७५ हजारांवर कर २१,८७५ आणि त्यावर ४ टक्के उपकर, मिळून २२,७५० रुपये. अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये विकले तर दोन्ही वर्षांत दीड-दीड लाख नफा, करपात्र फक्त २५-२५ हजार, उपकरासह एकूण ६,५०० रुपये. भाव तेवढेच राहिले तर १६,२५० वाचतात. मार्चची विक्री ३१ तारखेवर ढकलू नका. दुपारी ३ नंतर दिलेल्या विनंतीला पुढच्या व्यवहाराच्या दिवसाची एनएव्ही लागते, आणि तो दिवस एप्रिलमध्ये गेला तर दोन्ही अर्धे एकाच वर्षात येऊन पडतात.

जुन्या फंडातली एसआयपी आधी थांबवा, मग विक्री करा. हे उलट केलं की विक्रीनंतरही एखादा हप्ता जुन्याच फंडात कापला जातो, आणि त्या पाच हजारांसाठी पुन्हा वर्षभर थांबावं लागतं.